घोडहौदावरची देवाची झाडं

माझी नात सई जॉर्डनमध्ये, अम्मानला असते आणि तिचा धाकटा भाऊ निनाद दुबईला. दोघंही मराठी वाचतात, पण अंधारात जिना उतरताना पायरी चाचपावी तसं. म्हणून हा लेख मी त्यांना झेपेल अशा साध्या भाषेत लिहिते आहे. दिवाळी अंकाच्या इतर वाचकांनी एका आजीला एवढी सवलत द्यावी.

निमित्त सईच्या फोनचं. अम्मान हे डोंगरउतारांवर वसलेलं कोरडं शहर. नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं. सईच्या गल्लीत दोन इमारतींच्या मधे एक पडीक तुकडा होता, कचऱ्याने भरलेला. शेजाऱ्यांनी मिळून तो साफ केला आणि तिथे ऑलिव्हची रोपं लावली. आता पाणी कुठून आणायचं? शेजारच्या मशिदीत नमाजाआधी लोक हातपाय धुतात, ते पाणी गटारात जातं. ते वळवून रोपांना द्यावं, असं सईने सुचवलं. इमामसाहेबांची हरकत नव्हती. हरकत घेतली गल्लीतल्या उम्म खालिद यांनी. उम्म खालिद म्हणजे खालिदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे 'बंडूची आई' म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "ऑलिव्ह हे बरकतीचं झाड. त्याला लोकांनी पाय धुतलेलं पाणी घालता?" झालं. तेव्हापासून गल्लीतलं कुणी बादलीला हात लावेना.

"आजी, तू हेच काम करायचीस ना? मी काय करू?" सईने विचारलं.

मी आधी हसूनच घेतलं. सईला राग आला. तिला वाटलं, मी तिच्या उम्म खालिदना हसते आहे. मी हसत होते आमच्या गोदाकाकूंना.

तर आता क्रमाने सांगते. मला क्रम लागतो, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहेच.

पुण्यात मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, मग मुंबईला समाजकार्याचं शिक्षण घेतलं. लग्न होऊन नगरला आले. तुमचे आजोबा तिथे कॉलेजात शिकवत. नगरला चिकटूनच भिंगार आहे, लष्कराचं गाव. एका बाजूला लष्कराच्या बराकी आणि शिस्तीत उभी झाडं, दुसऱ्या बाजूला जुना बाजार आणि दाटीने बसलेली घरं. तिथे एका सेवासंस्थेचं केंद्र होतं. त्यांनी मला वस्ती-संघटक म्हणून नेमलं.

वस्ती-संघटक म्हणजे काय, हे मला पस्तीस वर्षं लोकांना समजावून सांगावं लागलं, माझ्या सासूबाईंना तर शेवटपर्यंत. लोकांचं काम लोकांनी करावं म्हणून त्यांच्या मागे लागायचं, एवढंच ते काम. आपण काही करायचं नाही. आपण नळ बसवायचा नाही, गटार खणायचं नाही, झाड लावायचं नाही. गल्लीतल्या कुणाला तरी ते करावंसं वाटेपर्यंत चहा पीत बसायचं आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारायचा. ज्याला स्वतःच्या हाताने चटकन काम उरकायची सवय आहे, त्याला ही नोकरी म्हणजे शिक्षाच. आणि मला तर कुणाची वाकडी सतरंजीसुद्धा सरळ केल्याशिवाय राहवत नाही.

हौदगल्लीतली पहिली बैठक मला अजून आठवते. केरूभाऊ म्हणून एक गृहस्थ होते, मूळचे सोनईचे, लष्कराच्या डेपोत मजूर. उंच, सावळे, बोलण्यात पटाईत. माझं सगळं भाषण त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"बाई, पर तुमी देनार काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मंग घेनार काय?"

"तेही काही नाही."

केरूभाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं. "न्हाई देत, न्हाई घेत. मंग चा तरी घ्या."

तो चहा पुढे बरीच वर्षं चालला.

गल्लीला हौदगल्ली म्हणत, कारण टोकाला एक घोडहौद होता. इंग्रजांच्या पलटणीतल्या घोड्यांना पाणी पाजायचा लांबट दगडी हौद. घोडे गेले, पाणी गेलं, हौद राहिला. त्याच्याभोवतीची मोकळी जागा म्हणजे चार गल्ल्यांचा उकिरडा. चुलीतली राख, फुटकी कौलं, चपलांचे तळ, आणि मधूनमधून सांगू नये असं काहीबाही. जागा सरकारी कचेरीची होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, एक रंभाजीशेठ सोडून.

रंभाजीशेठ हे लाकडाच्या वखारीचे मालक. देवळाली प्रवरेकडून त्यांची जळणाची गाडी यायची. जुनी वखार अपुरी पडत होती, म्हणून त्यांनी घोडहौदाच्या जागेसाठी अर्ज केला. माणूस वाईट नव्हता. उलट फार गोड होता, आणि तीच अडचण होती. भांडायला जावं तर ते आधी गुळाचा खडा पुढे करत.

वखार येणार हे कळल्यावर पहिल्यांदा बोलल्या शांताबाई. त्या शाळेत शिपाईण होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी सगळ्या कुटुंबासह बौद्ध धर्म घेतलेला. शांताबाई फारशा बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की विषय संपायचा.

"वखार आली की गाड्या आल्या, करवत आली, भुसा आला," त्या म्हणाल्या. "आमा बायामान्सांना बसाय जागाच न्हाई. दारात बसलं तर रस्ता, आत बसलं तर धूर. त्या जागंत चार झाडं लावा. सावली पडंल, आमी बसू."

शिकताना मला सांगितलं होतं की लोकांची खरी गरज कोणती ते महिनोन्‌महिने शोधावं लागतं. शांताबाईंनी ती एका दमात सांगून टाकली.

आम्ही सगळे मिळून कचेरीत गेलो. तिथले साहेब विचारी होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "जागा साफ करा, झाडं लावा. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी स्वतः येऊन बघेन. झाडं जिवंत असली तर जागा गल्लीची. नसली तर शेठचा अर्ज आहेच." रंभाजीशेठनी मान डोलावली. ते म्हणाले, "बरोबर हाय. झाडं जगली तर मलाबी आनंदच हाय." हे ते अगदी मनापासून म्हणाले, म्हणूनच मला धडकी भरली.

साफसफाईचं मी फार सांगत नाही. ती सगळीकडे सारखीच असते: पहिल्या दिवशी उत्साह, दुसऱ्या दिवशी कंबर. राखेच्या ढिगाखाली घोड्यांचे नाल मात्र भरपूर निघाले. केरूभाऊंनी ते दारोदार वाटले आणि प्रत्येकाच्या उंबऱ्यावर ठोकूनही दिले. रशीदचाचांच्या दारावरही एक गेला. रशीदचाचा लष्करी गणवेश शिवणारे दर्जी. ते म्हणाले, "केरू, मेरे घोडे को क्या बोलूँ?" त्यांच्याकडे घोडा नव्हता, एक शेळी होती. ती शेळी या गोष्टीत पुढे येईल.

मग कोणती झाडं लावायची याची बैठक झाली. मी शिरीष आणि गुलमोहर सुचवले. लवकर वाढतात, सावली देतात. केरूभाऊ हसले.

"गुलमोहोर? त्याला कोन भितंय बाई? शेळ्या खात्याल, पोरं फांद्या तोडत्याल, थंडीत शेकोटी व्हईल. देवाचं झाड लावा. कुनी हात लावनार न्हाई."

सगळ्यांना हे एकदम पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पिंपळाला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती आहे? त्यातून पिंपळावर सगळ्यांचाच हक्क. गल्लीतल्या गोदाकाकूंसाठी तो अश्वत्थ, शांताबाईंसाठी भगवान बुद्धांचा बोधिवृक्ष, आणि केरूभाऊंच्या मते त्याच्यावर मुंजा बसतो, म्हणजे रात्रीची राखणही फुकट. रशीदचाचा म्हणाले, "आपको जो पसंद. साया तो हिंदू-मुसलमान नहीं देखता." मधोमध पिंपळ, कोपऱ्यांत वड, उंबर आणि बेल असं ठरलं. रोपवाटिकेतून रोपं आली. गोदाकाकूंनी मुहूर्त काढला. चौथ्या कोपऱ्यात केरूभाऊंनी आपल्या घरामागचा एक कडुनिंब आणून लावला. त्याला मुहूर्त वगैरे काही नव्हता.

ते बहात्तर साल होतं. पाऊस आला तो रोपं लावण्यापुरता, आणि गेला. परत आलाच नाही.

निनाद, तुला दुष्काळ म्हणजे काय ते कळावं म्हणून सांगते. नळाला करंगळीएवढी धार, तीही पहाटे आणि थोडा वेळ. बायका रांगेत घागरी ठेवून, घागरींवर स्वतःची खूण करून कामाला जात. पिण्याचं पाणी झाडाला घालणं म्हणजे पाप. पण प्रत्येक घरात सांडपाणी असायचंच. भांडी राखेने घासत, त्यांचं पाणी. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी. तोंड धुतलेलं, आंघोळीचं. आधी ते सगळं गटारात जायचं. मला वाटलं, काम सोपं आहे, आता ते झाडांना जाईल.

केरूभाऊंच्या कडुनिंबाला रोज संध्याकाळी भांड्यांचं पाणी मिळू लागलं. बाकीच्या झाडांना काही मिळेना.

मी गोदाकाकूंना विचारायला गेले. गोदाकाकू म्हणजे लष्कराच्या हिशेब कचेरीतल्या एका कारकुनाच्या विधवा. नऊवारी, डोळ्यांवर जाड चष्मा, कडक सोवळं आणि त्याहून कडक आवाज. गल्लीत कुणाचं काही चुकलं तर ते आधी काकूंना कळे आणि मग चुकणाऱ्याला.

"अगं सुमती, शुद्धीवर आहेस ना?" त्या म्हणाल्या. "अश्वत्थाला खरकटं पाणी? बेलाला उष्टं? त्यापेक्षा मला विहिरीत ढकल. पण विहिरीतही पाणी नाही मेलं."

"मग काकू, झाडं वाळतील."

"मी घालते की रोज."

काकू रोज घालत होत्या हे खरं होतं. सकाळी पूजा झाली की तांब्यात उरलेलं पळीभर तीर्थ त्या पिंपळाच्या मुळाशी सोडत, नमस्कार करत आणि घरी जात. धर्माच्या दृष्टीने ते चोख होतं. पिंपळाच्या दृष्टीने जीभसुद्धा ओली होत नव्हती.

शांताबाईंकडे गेले. मला वाटलं, इथे तरी सोवळ्याची भानगड नाही. शांताबाई जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घासत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बाई, ज्या झाडाखाली भगवान बसलं, त्याला मी जर्मनच्या पातेल्याचं धुवन घालू व्हय? त्या काकू घालत न्हाईत आन्‌ आमी घालायचं? उद्या म्हनत्याल, बगा, ह्यांना आपल्या देवाचीबी पर्वा न्हाई."

रशीदचाचांनी तर हातच जोडले. "बेटी, माझी काहीच हरकत न्हाई. पन मी घातलं आन्‌ झाड वाळलं, तर? चाचाने बाटवलं म्हनून. आधी त्यांना घालू द्या. मग माझी बादली तयार हाय."

देवाचं झाड लावलं तर कुणी हात लावणार नाही, असं केरूभाऊ म्हणाले होते. शब्द अगदी खरा झाला. पाणी घालायलासुद्धा कुणी हात लावेना.

एकटी चाचांची शेळी मात्र देवाधर्मापलीकडे पोचलेली होती. तिने एक दिवस उंबराचा शेंडा खाल्ला. चाचांनी लाजून रंभाजीशेठच्या वखारीतून बाभळीचे काटे आणले आणि झाडांना कुंपण केलं. रंभाजीशेठनी काटे आनंदाने दिले. एवढंच नाही, ते स्वतः बघायला आले. आणि मग येतच राहिले. वखारीतून घरी जाताना पिंपळापाशी थांबायचे, चष्मा वर करून बघायचे आणि मला विचारायचे, "बाई, रोपाची तब्येत काय म्हनती?" आवाजात इतकी माया, जणू दवाखान्यात कुणाला बघायला आलेत.

"बरी आहे," मी म्हणायचे.

"मला जरा उतरल्यावानी वाटती," शेठ म्हणायचे आणि उसासा टाकायचे. गूळ पुढे करायचे.

दिवाळी झाली. वडाची पानं कडेने करपली. बेलाने तर मान टाकलीच, तो गेला. पिंपळ उभा होता, पण एखाद्या पाहुण्याने जायच्या बेताने पिशवी हातात घेऊन उभं राहावं तसा. केरूभाऊ म्हणाले, "मुंज्या तरी कुठं बसंल? बसाय फांदी तर पायजे." लोक हसले आणि आपापल्या घरी गेले. शांताबाई शाळेतून येताना आता घोडहौदाकडे बघेनाशा झाल्या.

मला एक सोपा मार्ग होता. संस्थेला सांगून टँकरमधलं थोडं पाणी मिळवता आलं असतं. आमच्या वरिष्ठांनी तसं विचारलंही. पण मग ती संस्थेची झाडं झाली असती, आणि टँकर बंद झाला की झाडंही. मी नको म्हटलं. आता पिंपळ वाळला असता तर वखार आली असती आणि शांताबाईंनी मला पुन्हा चहा दिला नसता. दिला असता, पण काही बोलल्या नसत्या. ते जास्त वाईट.

अशीच एका दुपारी काकूंच्या ओट्यावर बसले होते. संक्रांत झाली होती, काकू तिळगुळाचा शेवटचा डबा खरवडत होत्या. इतक्यात त्यांचा नातू बंडू उड्या मारत आला. हाताला, तोंडाला कसला तरी वास. काकूंनी चष्मा वर केला.

"काय खाल्लंस रे?"

"बोंबील," बंडू म्हणाला. "शांतामावशीने भाकरीबरोबर दिला. मस्त लागतो."

मला वाटलं, आता गल्लीत महाभारत होणार. पण काकूंनी त्याचा कान धरला आणि एवढंच म्हणाल्या, "तोंड धू आणि मला शिवू नकोस. वास येतोय मेल्या." बंडू पळाला.

"काकू," मी न राहवून म्हटलं, "तुम्हाला चालतं हे?"

"चालायला काय झालंय? मुंज कुठे झालीय अजून त्याची? मुंज होईपर्यंत पोराला काही लागत नाही. खाऊ दे काय खायचं ते. एकदा गळ्यात जानवं पडू दे, मग बघते बोंबील कसा खातो ते."

आता इथे माझं शिक्षण कामी आलं, एवढं मी म्हणेन. मी काही समजावलं नाही. पाणीटंचाईवर बोलले नाही. तिळगुळ तोंडात टाकला, चघळला आणि विचारलं,

"काकू, पिंपळाचीही मुंज करतात ना हो?"

"करतात तर. आमच्या माहेरी थाटात केली होती, मी लहान होते. झाड मोठं झालं की मुंज करायची, पार बांधायचा. मग प्रदक्षिणा, मग पूजा. त्याच्याआधी नाही."

"मग आपल्या पिंपळाची?"

"त्याची कशी होईल इतक्यात? एवढंसं तर आहे ते—"

काकू थांबल्या. डब्यातला चमचा हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी तिळगुळाकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "उन्हं उतरली. जा आता घरी. तुझे यजमान वाट बघत असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासून झाल्यावर गोदाकाकू खरकट्या पाण्याची बादली घेऊन बाहेर पडल्या. सोवळं नेसलेल्या काकू आणि हातात खरकटं पाणी, हे दृश्य गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. घराघरांतून माणसं दारात आली. काकू पिंपळापाशी गेल्या, बादली ओतली आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"काय बघताय? मुंज न झालेलं पोर आहे ते. त्याला कसलं आलंय सोवळं-ओवळं? उपाशी मारता होय लेकराला?"

केरूभाऊंनी डोक्याला हात लावला. "आन्‌ काकू, वड-उंबराचं काय?"

"ती त्याची धाकटी भावंडं. थोरल्याच्या आधी धाकट्याची मुंज होते का कुठे?"

हा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होता. तिथे अपील नव्हतं. त्या दिवसापासून काकूंना विचारलं तर ही कल्पना त्यांचीच, आणि मी कुणालाही वेगळं सांगितलं नाही. तुम्हालाच आज सांगते आहे.

शांताबाई मात्र दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. त्या म्हणाल्या, "आमच्यात मुंज नसती, बाई."

"नसते," मी म्हटलं.

त्या पिंपळाकडे बघत राहिल्या. त्याची सावली ओंजळभरसुद्धा नव्हती. मग हळूच हसल्या. "पर त्या झाडाखाली अजून कुनीच बसलं न्हाई, न्हाई का? बसाय येतंय कुठं? सावली पडंल तवा बगू. तवर लेकरूच हाय." त्या आत गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. चाचांची बादली तर काकूंची पाठ वळायच्या आत आली.

मग उलटी पंचाईत झाली. सगळेच पाणी घालू लागले आणि काकू देखरेख करू लागल्या. "साबणाचं नको गं, लेकराच्या डोळ्यात जाईल!" "तांदळाचं धुवण आहे का? ते आण, ते अंगी लागतं." "रशीद, ते निळीचं पाणी इकडे नको, गणवेश निळा करायचाय का त्याचा?" कुणाकडे पाहुणे आले की गल्लीला आनंद व्हायचा, भांडी जास्त पडणार म्हणून. केरूभाऊंचा कडुनिंब एकाएकी सवतीचा मुलगा झाला. त्यांनी जाहीर तक्रार केली: "माजं झाड आधीपास्नं उष्टं खातंय, त्याचं कुनाला कौतुक न्हाई!"

रंभाजीशेठ येतच होते. चैत्रात पिंपळाला पालवी फुटली, तांब्याच्या नव्या भांड्यासारखी लखलखीत. शेठ चष्मा वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "शेठ, तब्येत काय म्हणते?"

"लई झ्याक," ते म्हणाले आणि गूळ काढायला विसरले.

ठरल्याप्रमाणे साहेब आले. पिंपळ, वड आणि उंबर त्यांनी नीट पाहिले. शेंडा खाल्लेला उंबर बाजूने फुटून दुप्पट झाला होता. बेलाची रिकामी जागाही त्यांनी पाहिली आणि भुवई उंचावली. मला वाटलं, आता शेठ बोलणार. शेठ बोललेच. म्हणाले, "साहेब, एवढ्या दुष्काळात एखादं जातंच. मान्सं गेली गावं सोडून. बाकीची समदी जित्ती हायेत, म्या रोज बघतो." जागा गल्लीची झाली. शेठनी वखार पुढे दुसरीकडे नेली.

बेलाचं मला अजून वाईट वाटतं. काकूंच्या ओट्यावर मी तो प्रश्न दिवाळीच्या आधी विचारला असता तर तोही जगला असता. पण योग्य प्रश्न योग्य वेळी सुचणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. माझ्या हाताला तेवढीच कला होती आणि ती बऱ्याचदा उशिरा यायची.

सई, तुझ्या फोनवर मी तुला उत्तर दिलं नाही, ते यासाठी. गोदाकाकूंची युक्ती अम्मानला चालणार नाही. ऑलिव्हची मुंज करत नाहीत. पण उम्म खालिद यांच्या ओट्यावर जाऊन बस. त्यांच्या अंगणात, माहेरी, लहानपणी झाडं कशी वाढवली ते विचार. समजावू नकोस. त्यांना नियम तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, आणि नियमातली फटही त्यांनाच माहीत असणार. चहा मिळेल तो पी. तिकडे पुदिना घालतात म्हणे.

आता शेवटचं.

पुढे तुमच्या आजोबांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. बरीच वर्षं गेली. एक दिवस केरूभाऊ पुण्याला लेकीकडे आले होते, ते मुद्दाम घरी आले. म्हणाले, "बाई, काकूंनी सांगावा धाडलाय. पोराची मुंज हाय. नटूनथटून या." मी विचारलं, "बंडूची?" ते म्हणाले, "बंडूची मागंच झाली. थोरल्याची ऱ्हायली हुती."

एस.टी.ने नगरला उतरून भिंगारला गेले. घोडहौदाच्या जागी मला काही ओळखू येईना. पिंपळ घरांच्या वर गेला होता. भोवती दगडी पार बांधलेला, वडाखाली माणसं पत्ते खेळत बसलेली. त्या दिवशी खेळ बंद होता. पिंपळाला हळद लावली होती, बुंध्याला नवं कोरं धोतर गुंडाळलं होतं. काकू आता काठी टेकत होत्या, आवाज मात्र तोच. मुंजीत मामा लागतो. मामा कोण, याची चर्चा चालली होती तेव्हा काकूंनी काठी रंभाजीशेठकडे वळवली. "तुम्ही उभे राहा. इतकी वर्षं रोज येऊन तब्येतीची चौकशी मामाशिवाय कोण करतं?" शेठचे केस पूर्ण पांढरे झाले होते. ते उठून उभे राहिले आणि एकाएकी उपरण्याने डोळे पुसायला लागले.

मुंजीत आधी मातृभोजन असतं, मुलांनो. मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो. त्यानंतर त्याला नियम लागतात, मग आईच्या उष्ट्यात जेवायचं नाही. गुरुजी पुढचा विधी सुरू करणार, तोच काकूंनी हात वर केला. "थांबा. मातृभोजन झालं नाही."

गुरुजी म्हणाले, "झाडाचं मातृभोजन?"

"त्याच्या आया इथे उभ्या आहेत की," काकू म्हणाल्या.

आणि मग सगळ्या गल्लीतल्या बायका घरांत शिरल्या. प्रत्येकीने काहीतरी आणलं: कुणी भांड्याचं धुवण, कुणी तांदळाचं, कुणी ताटातलं उष्टं पाणी. चाचांच्या सूनबाई आल्या. सगळ्यांनी शेवटचं ते पाणी पाराच्या आत ओतलं. सगळ्यात शेवटी शांताबाई आल्या, हातात तेच जर्मनचं पातेलं घेऊन. कुणीतरी पोरगी पुटपुटली, "मावशी, तुमच्यात तर मुंज नसती."

"नसती," शांताबाई म्हणाल्या. "पर जेवू आमीबी घातलंय."

त्यांनी पातेलं रिकामं केलं. मग वर बघितलं. ऊन चढलं होतं, सावली पारभर आणि पारापलीकडे पसरली होती. शांताबाईंनी पदराने पारावरची धूळ झटकली, मला हाताने बोलावलं आणि म्हणाल्या,

"या बाई, आता बसू."